बांध नसलेलें गांव

आपल्याकडे जमिनीचा वाद म्हटला कीं तो बहुधा बांधापासून सुरू होतो. एकानें नांगर फिरवितांना वीतभर बांध कोरला, दुसऱ्यानें पुढच्या सालीं तो हातभर मागें लोटला, आणि त्यापायीं दोन चुलत घरांतील बोलाचाल तीन पिढ्या बंद पडली, असें एकही उदाहरण ज्याच्या नात्यागोत्यांत नाहीं असें घर विरळाच. ज्याच्या शिवारांत मुळीं बांधच नाहींत, कुंपणें नाहींत, आणि तरीहि आपली जमीन कोठें संपते व शेजाऱ्याची कोठें सुरू होते हें प्रत्येकास पक्कें ठाऊक आहे, असें एक लहानसें खेडें इंग्लंडांत आहे. त्याची ओळख वाचकांस करून द्यावी असा या लेखाचा हेतु आहे.

या गांवाचें नांव लॅक्स्टन. इंग्लंडच्या साधारण मध्यावर नॉटिंगहॅमशायर नांवाचा परगणा आहे. त्याच्या उत्तर भागांत, न्यूअर्क या जुन्या बाजारपेठेच्या वायव्येस दहा-अकरा मैलांवर, एका बुटक्या टेकाडाच्या पाठीवर हें खेडें वसलें आहे. पश्चिमेस कांहीं मैलांवर शेरवुडचें अरण्य लागतें. रॉबिन हुडच्या गोष्टींमुळें हें नांव आपल्या मुलांनाहि परिचयाचें आहे. पूर्वेस ट्रेंट नदीचें खोरें पसरलें आहे. शेरवुडची जमीन रेताड व निकस. तेथें झाडें वाढलीं, हरणें राहिलीं आणि राजांनीं शिकार केली. लॅक्स्टनची माती मात्र तांबडी, चिकण आणि जड आहे. ओली असली म्हणजे ती जोड्याला सोडीत नाहीं आणि वाळली म्हणजे तिचें ढेंकूळ फुटतां फुटत नाहीं. आपल्याकडील काळीशीं ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हा स्वभाव नवा वाटूं नये. अशा जमिनींत गहूं उत्तम येतो. परंतु जुन्या लांकडी नांगरानें ती फोडावयाची तर आठ-आठ बैल जुंपावे लागत, आणि आठ बैल एका सामान्य शेतकऱ्याच्या दावणीला कोठून असणार? चार घरांनीं एकत्र आल्यावांचून नांगरट होणेंच शक्य नव्हतें. गांवाच्या पुढील पुष्कळशा इतिहासाचें बीज या मातींतच आहे असें म्हणावयास हरकत नाहीं.

इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतून आज प्रवास केला तर सामान्यतः असें दिसतें कीं, शेतकऱ्याचें घर गांवांत नसून त्याच्या शेताच्या मधोमध एकटें उभें आहे आणि भोंवतीं हिरव्या झुडपांचीं कुंपणें चौकटी आंखून बसलीं आहेत. चित्रांतून पाहून पाहून हेंच इंग्लंडचें सनातन रूप अशी आपली समजूत झाली आहे. वास्तविक बहुतेक ठिकाणीं हें रूप दोन-अडीचशें वर्षांपलीकडचें नाहीं. लॅक्स्टनमध्यें जुनी ठेवण टिकली आहे. तेथें शेतकऱ्यांचीं लाल विटांचीं घरें रस्त्याच्या कडेनें एकमेकांस धरून, बहुधा आपली अरुंद बाजू रस्त्याकडे करून उभीं आहेत. प्रत्येक घरामागें गोठे, धान्याचीं कोठारें आणि अंगण. त्यामागें एक लांबट परसू. आणि तें ओलांडलें म्हणजे उघडें शिवार. सारी वस्ती पांढरींत आणि सारी शेती भोंवतालच्या काळींत, ही आपल्या देशावरील खेड्याची जी मांडणी, तीच येथें पाहावयास मिळते.

गांव किती जुनें आहे? विजेत्या विल्यम राजानें १०८६ सालीं आपल्या नव्या राज्याची जी प्रसिद्ध मोजणी करविली तींत लॅक्स्टनची नोंद आहे. तत्पूर्वीं टोकी नांवाच्या सरदाराकडे असलेलें हें गांव तोंपर्यंत जॉफ्री अल्सेलिन या नॉर्मन सरदाराकडे गेलें होतें. पुढें येथें मातीचें उंच टेकाड रचून त्यावर किल्ला बांधण्यांत आला, व शेरवुडच्या राजरक्षित अरण्याची वंशपरंपरा राखणदारी ज्या घराण्यांकडे होती त्यांचें तें ठाणें झालें. किल्ला कधींच नाहींसा झाला. पण तें टेकाड आणि भोंवतालचे खंदक गवताखालीं अद्यापि स्पष्ट दिसतात. त्या राखणदारांपैकीं एव्हरिंगहॅम घराण्यांतील स्त्रीपुरुषांच्या निजलेल्या मूर्ति गांवच्या चर्चमध्यें आहेत. बहुतेक दगडी आहेत. एक मात्र ओक लांकडाची आहे व तिचें मोठें अपूर्व मानतात. किल्ले आणि सरदार मात्र इंग्लंडांत हजार ठिकाणीं सांपडतील. लॅक्स्टनचें खरें वैशिष्ट्य त्याच्या नांगरटींत आहे.

गांवाभोंवतीं तीन अफाट शेतें आहेत. एकाचें नांव दक्षिण शेत, दुसऱ्याचें पश्चिम शेत व तिसऱ्याचें गिरणीचें शेत. तिन्ही मिळून क्षेत्र सुमारें पांचशें एकर भरेल. 'शेत' म्हटलें म्हणून तें एकाच्या मालकीचें असें समजूं नये. प्रत्येक शेतांत लांबच लांब पट्टे पाडलेले आहेत, आणि गांवांतील प्रत्येक शेतकऱ्याच्या वांट्यास तिन्ही शेतांत मिळून कांहीं पट्टे आहेत. हे पट्टे एकमेकांस लागून नाहींत; एक उत्तरेच्या उतारावर, दुसरा ओढ्याकांठीं, तिसरा तिसऱ्याच शेतांत. दोन पट्ट्यांमध्यें कुंपण नाहीं. नांगराचें एक तास हीच काय ती सीमा. एका वर्षीं एका शेतांत सर्वांनीं हिवाळी गहूं पेरावयाचा, दुसऱ्या शेतांत सर्वांनीं वसंत ऋतूंतील पीक घ्यावयाचें, आणि तिसरें शेत सर्वांनीं पडीत ठेवावयाचें. पुढल्या वर्षीं पाळी फिरते. आपल्या पट्ट्यांत एखाद्यास निराळें पीक घेण्याची लहर आली तर ती चालत नाहीं. कारण पूर्वीं कापणी झाल्यावर साऱ्या गांवाचीं गुरें त्या शेतांत एकदम सोडीत, आणि पडीत शेतांत मेंढ्या चरत. एकाचेंच पीक मध्यें उभें राहिलें तर गुरांनीं जावें कोठें? हल्लीं तिसरें शेत अगदींच उघडें न टाकतां त्यांत गवत किंवा वैरण घेतात. परंतु तीन वर्षांचा फेरा तोच आहे.

या पट्ट्यांचा आपल्याशीं एक गमतीचा संबंध आहे. बैलांची जोडी दम न घेतां एका ओढींत जेवढें लांब तास काढी तेवढी पट्ट्याची लांबी, अशी रीत होती, व ती पुढें २२० यार्ड ठरली. हाच आपल्या रस्त्यांवरील मैलांच्या दगडांचा फर्लांग. त्या शब्दाचा मूळ अर्थच 'लांब तास' असा आहे. या लांबीचा व २२ यार्ड रुंदीचा पट्टा म्हणजे साधारण एका दिवसाची नांगरट, आणि तोच एकर. इंग्रज अमलदारांनीं मुंबई इलाख्याची मोजणी केली तेव्हां हें माप त्यांनीं आपल्या सोयीसाठीं बरोबर आणलें, आणि तेहतीस फूट लांब व तेवढेंच रुंद असे चाळीस गुंठे त्यांत बसविले. तेव्हां आपल्या सातबाऱ्यावर जें क्षेत्र इतकीं वर्षें एकरगुंठ्यांत लिहिलें गेलें, त्याच्या मुळाशीं अशाच एखाद्या चिकण मातीच्या खेड्यांतील बैलांची दमछाक आहे!

पट्टे विखुरलेले कां, हा प्रश्न कोणासहि सुचेल. त्याचें एक उत्तर न्यायाचें आहे. कोणाच्या वांट्यास सगळी पाणथळ आणि कोणास सगळी सुपीक असें होऊं नये, वाईट वर्षाचा फटका सर्वांस सारखा बसावा, ही त्यांतील कल्पना. चार भावांच्या वांटणींत प्रत्येकास विहिरीजवळचा तुकडा आणि माळावरचा तुकडा देण्याचा आपल्याकडे जो आग्रह असतो, तोच हा विचार. पण त्याची किंमतहि लहान नाहीं. एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर औतें नेण्यांत वेळ जातो. आळशी शेजाऱ्याचें तण आपल्या गव्हांत शिरतें. आणि उद्योगी माणसास नवा प्रयोग करावयाचा तर अख्ख्या गांवाची संमति लागते. एकत्र कुटुंबांत राहिलेल्या वाचकांस या दोन्ही बाजू अधिक फोडून सांगण्याचें कारण नाहीं.

लॅक्स्टनच्या शिवाराचें जुनें रूप इतक्या बारकाईनें आपणांस कळतें तें एका नकाशामुळें. १६३५ सालीं मार्क पिअर्स नांवाच्या मोजणीदारानें गांवांतील प्रत्येक पट्टा मोजला, तो कोणाकडे आहे हें वहींत उतरविलें आणि सबंध गांवाचा एक भव्य रंगीत नकाशा काढला. तो ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयांत आहे. त्यांत नुसत्या रेघा नाहींत. नांगर हांकणारे, पीक कापणारे, गवत गोळा करणारे आणि शिकारीस निघालेले लोकहि चितारलेले आहेत. हा खटाटोप करविला तो गांवाचा त्या वेळचा धनी सर विल्यम कोर्टीन यानें. कोर्टीन हा लंडनचा अतिशय धनाढ्य व्यापारी. गांव विकत घेतलें तेव्हां त्यांत नेमकें काय काय आलें हें व्यापाऱ्याच्या नजरेनें पाहावें, असें त्यास वाटलें असल्यास नवल नाहीं.

हें नांव आमच्या इतिहासाच्या वाचकांनीं अन्यत्र वाचलें असेल. ईस्ट इंडिया कंपनीचा मक्ता असतांहि पहिल्या चार्लस राजानें ज्या प्रतिस्पर्धी मंडळीस पूर्वेकडे व्यापार करण्याचा परवाना दिला, तिचा मुख्य भांडवलदार हाच कोर्टीन. आणि परवान्याचें वर्षहि तेंच, १६३५. त्या मंडळीचीं जहाजें १६३६ सालीं गोव्यास येऊन दाखल झालीं, आणि १६३८ सालीं मिऱ्यांच्या व्यापारासाठीं तिनें कारवारास वखार घातली. कोर्टीन स्वतः १६३६ मध्येंच वारला. मिरीं त्यास लाभलीं नाहींत. त्याच्या घराण्याची सांपत्तिक स्थिति पुढें लवकरच ढासळली आणि लॅक्स्टन पीअरपाँट घराण्याकडे गेलें. त्याच घराण्याच्या वारसांस पुढें अर्ल मॅनव्हर्स हा किताब मिळाला. अशा रीतीनें कारवारची वखार आणि लॅक्स्टनचा नकाशा हीं दोन्ही एकाच पेढीच्या वहींतील कलमें आहेत.

आतां मुख्य प्रश्न. अशीं शेतें एके काळीं मध्य इंग्लंडांत गांवोगांव होतीं. मग तीं गेलीं कोठें? अठराव्या शतकांत जमीनदारांस व शेतीसुधारकांस असें वाटूं लागलें कीं, विखुरलेले पट्टे एकत्र करून, भोंवतीं कुंपण घालून जमीन ज्याची त्याच्या ताब्यांत दिल्यावांचून उत्पन्न वाढणार नाहीं. आर्थर यंग हा या मताचा मोठा पुरस्कर्ता. गांवागणिक पार्लमेंटचा निराळा कायदा होई; पंच येत, मोजणी करीत, आणि सलग तुकडे वांटून देत. १६०४ पासून १९१४ पर्यंत असे सुमारें ५,२०० कायदे झाले आणि सुमारें ६८ लाख एकर जमीन त्यांखालीं आली. उत्पन्न वाढलें हें खरें. परंतु ज्याच्याजवळ एखाददुसरी गाय आणि गायरानांत ती चारण्याचा हक्क एवढीच इस्टेट होती, त्याच्या हातीं आलेला चिमुकला तुकडा कुंपणाच्या खर्चालाहि पुरेना. तो विकून तो मजूर झाला किंवा शहराची वाट चालूं लागला. खुद्द यंगनेंच १८०१ सालीं गरिबांच्या या हालांविषयीं लिहिलें आणि त्यांना जमीन राखून ठेवावी असें प्रतिपादन केलें. परंतु वेळ निघून गेली होती.

लॅक्स्टन यांतून वांचलें तें कोणाच्या दूरदृष्टीमुळें नव्हे. तेथील जमिनीचे दोन मोठे धनी होते, एक मॅनव्हर्स आणि दुसरा अर्ल ऑफ स्कारबरो. शिवाराच्या कडेचे कांहीं भाग अठराव्या शतकांत कुंपणांत गेलेहि. पण उरलेल्याची अदलाबदल कशी करावी याविषयीं दोघांचें जमेना. पुढें १८७० नंतर अमेरिकेंतील स्वस्त धान्य येऊं लागलें, इंग्लंडची शेती बसली, आणि कुंपणावर पैसा ओतण्याची कोणास इच्छा राहिली नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं मॅनव्हर्सनें एवढेंच केलें कीं, बारीक बारीक पट्टे जोडून त्यांची संख्या कमी केली व रुंदी वाढविली. दोन जमीनदारांच्या बेबनावाचें एवढें गोड फळ क्वचित् पाहावयास मिळतें. नंतर ऑक्सफर्डचे शेतीअर्थशास्त्रज्ञ ऑर्विन व त्यांची पत्नी या दोघांनीं मिळून लॅक्स्टनचा अभ्यास केला व १९३८ सालीं त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. तेव्हांपासून हें आडवळणाचें गांव विद्वानांच्या नजरेंत भरलें. डेव्हनमधील ब्राँटन वगैरे एकदोन ठिकाणीं असे पट्टे अजून आहेत. पण शेताबरोबर शेताचें न्यायासनहि जिवंत राहिलें तें फक्त येथें.

त्या न्यायासनास 'कोर्ट लीट' म्हणतात. मध्ययुगांत प्रत्येक जहागिरींत असें एक न्यायासन असे. नोव्हेंबरच्या शेवटल्या गुरुवारीं लॅक्स्टनचे पंच, मुख्य धरून बारा-तेरा माणसें, त्या सालीं गहूं पेरलेल्या शेतांत जातात. हे पंच बाहेरचे कोणी वकील नव्हेत. शेजारच्या पट्ट्यांतलेच शेतकरी. त्या सुमारास गहूं नुकता वर आलेला असतो. चिखल तुडवीत ते पट्ट्यामागून पट्टा पाहतात. सीमेवर ताज्या तोडलेल्या लांकडाच्या खुंट्या ठोंकतात. कोणी रस्त्यांत नांगर घातला आहे, कोणी चर साफ केलेला नाहीं, कोणी गवताच्या सार्वजनिक पट्टींत शिरला आहे, हें टिपून ठेवतात. ही गवताची पट्टी म्हणजे शेतांतील सखल, ओलसर, कधींच न नांगरलेला भाग. तेथील लोक त्यास 'साइक' म्हणतात. साइकांतील गवताचा दरसाल लिलांव होतो. शतकानुशतकें नांगर न लागल्यामुळें तेथें दुर्मिळ झालेलीं रानफुलें टिकून आहेत, व म्हणून सरकारनें त्या जागांस संरक्षण दिलें आहे.

पाहणीनंतर पंच गांवच्या खाणावळींत जेवतात आणि तेथेंच कोणास किती दंड करावा हें ठरवितात. आठवड्यानें न्यायासन भरतें. जहागीरदाराचा कारभारी अध्यक्षस्थानीं बसतो, हजेरी घेतो, गैरहजर राहणाऱ्यास किरकोळ दंड होतो. मग पंचांनीं ठरविलेले दंड वाचून दाखविण्यांत येतात. रकमा इतक्या लहान असतात कीं त्या भरल्यानें कोणाचें दिवाळें निघणार नाहीं. खरा दंड निराळाच आहे: साऱ्या गांवासमक्ष आपलें नांव वाचलें जाणें, आणि तेंहि ज्यानें कदाचित् पुढल्या वर्षीं आपला पट्टा पाहावयाचा त्याच्या तोंडून. मोकाट जनावरांसाठीं गांवांत कोंडवाडा आहे आणि कोंडवाड्याचा रखवालदार नेमण्याचा रिवाजहि चालत आला आहे. १९७७ सालीं पार्लमेंटनें असल्या जुनाट न्यायासनांचे अधिकार काढून घेतले, तेव्हां लॅक्स्टनच्या न्यायासनाचें नांव घालून त्यास कायद्यांतच अपवाद केला.

आमच्याकडे याच सुमाराची उलट गोष्ट आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरल्ड मॅन यांनीं पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गांवाची पाहणी करून १९१७ सालीं ती प्रसिद्ध केली. १७७१ मध्यें तेथील सरासरी धारण चाळीस एकर होती ती १९१५ च्या सुमारास सातांवर आली, आणि तेहि सात एकर ठिकठिकाणीं विखुरलेले, असें त्यांना आढळलें. वांटणी पिढीगणिक होत गेली. परंतु वांटलेल्या तुकड्यांवर मिळून पीक घेण्याचा रिवाज मात्र आपल्याकडे नव्हता. म्हणून १९४७ सालीं मुंबई सरकारास तुकडेबंदीचा कायदा करावा लागला. लॅक्स्टनचे पट्टे कुळांकडे असून त्यांची वांटणी मुलांत होत नाहीं, हा फरक लक्षांत ठेवला पाहिजे. केवळ तेथल्या लोकांचा स्वभाव गोड म्हणून तें शिवार टिकलें असें समजणें भोळेपणाचें होईल. पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवड शहरांत सामावलें आहे, आणि मॅनसाहेबांनीं मोजलेल्या तुकड्यांवर उंच इमारती उभ्या आहेत.

लॅक्स्टनचीहि काळजी मिटलेली नाहीं. १९५२ सालीं मॅनव्हर्स घराण्यानें आपली जमीन सरकारच्या शेतकी खात्यास विकली ती जुनी पद्धति चालू राहावी म्हणूनच. १९८१ सालीं ती खात्याकडून राजमुकुटाच्या जमिनी सांभाळणाऱ्या क्राउन इस्टेटकडे गेली. त्यांनींहि पुढें ती विकावयास काढली तेव्हां शिवाराचें आतां काय होणार हा प्रश्न पुन्हां उभा राहिला. अखेर २०२० सालीं ती थोर्सबी इस्टेटनें घेतली. थोर्सबी म्हणजे मॅनव्हर्सांचेंच जुनें ठाणें. तेव्हां गांव अडुसष्ट वर्षांनीं फिरून माहेरीं आलें असें म्हणावें लागेल. धनी मिळाला; कुळांचें काय? कापणीचीं यंत्रें दिवसेंदिवस रुंद होत आहेत आणि पट्टे आहेत तेवढेच आहेत. शेतकऱ्यांचीं घरें पूर्वींपेक्षां पुष्कळच कमी झालीं आहेत. नवें कूळ घ्यावयाचें तर त्यानें गांवांतच राहिलें पाहिजे, तीन शेतांचा फेरा पाळला पाहिजे, आणि वेळ आली म्हणजे चिखलांत उतरून शेजाऱ्याची चूक शेजाऱ्याच्या तोंडावर सांगितली पाहिजे. पंच म्हणून बारा-तेरा माणसें उभीं करतां येतील इतकीं घरें गांवांत राहतील तोंवर न्यायासन भरेल. न्यायासनाच्या दिवशीं शेवटीं पुढल्या सालचे पंच निवडून त्यांना शपथ देतात; पुढल्या नोव्हेंबरांत ते दुसऱ्या शेतांत जावयाचे असतात.